राखून ठेवलेला रुपया
वीजक्षेत्रातल्या कंपन्यांच्या नफ्याचा लांब पल्ल्याचा हिशेब : प्रस्तावना

साकोली तालुक्यातल्या मुंडीपार येथे 2013 साली भारत हेवी इलेक्ट्रिकल्स, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘भेल’, या सरकारी कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. त्या वेळी अवजड उद्योग खाते भंडारा-गोंदियाचेच खासदार प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते. वीजकेंद्रांना लागणारी यंत्रसामग्री इथे घडवली जाणार होती. पुढे भंडारा जिल्ह्यातच सौर पॅनेलांचा मोठा कारखाना उभारण्याची घोषणाही झाली. जमिनी संपादित झाल्या, कारखाना काही झाला नाही. या प्रकल्पाची चर्चा जिल्ह्यात आजवर झाली ती रोजगाराच्या, मोबदल्याच्या आणि राजकीय श्रेय-अपश्रेयाच्या अंगाने, आणि ती रास्तही आहे. पण त्याला आणखी एक अंग आहे, ज्याकडे गुंतवणूकदारांचेही फारसे लक्ष गेले नाही. ज्या पैशाच्या बळावर कंपनी असे बेत आखत होती, तो पैसा आला कुठून आणि पुढे त्याचे झाले काय? त्या काळात भेलवर कर्ज नाममात्र होते. विस्ताराची ताकद होती ती वर्षानुवर्षे भागधारकांना न वाटता राखून ठेवलेल्या नफ्यात. अशा राखलेल्या नफ्याने दीर्घ मुदतीत काय कमावले, हे तपासायचे कसे, एवढाच पुढील पानांचा विषय आहे.

विषयाचा पाया साधा आहे. कंपनीला नफा झाला की त्याच्या वाटा दोनच : काही भाग लाभांश म्हणून भागधारकाच्या हाती पडतो, उरलेला कंपनीच्या गंगाजळीत जातो. गंगाजळी वाढली की कंपनी मजबूत झाली, असे आपण सहज धरून चालतो. वार्षिक अहवालही राखीव निधीचा वाढता आकडा अभिमानाने छापतो. पण हा निधी म्हणजे भागधारकाचाच, त्याला न विचारता पुन्हा गुंतवलेला पैसा. तो हाती आला असता तर भागधारकाने बँकेत ठेवला असता, दुसऱ्या धंद्यात घातला असता किंवा खर्च केला असता. ही संधी त्याच्याकडून काढून घेतल्यावर तिची किंमत चुकवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. भंडारा हा मामा (माजी मालगुजारी) तलावांचा जिल्हा. इथल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही की तलावाची थोरवी त्यात पाणी किती तुंबले यावर ठरत नाही, त्याखाली धान किती भिजले यावर ठरते. गंगाजळीलाही हाच न्याय लागू आहे. निधी किती साठला हा प्रश्न दुय्यम. वाढीव निधीने वाढीव नफा किती दिला, हा खरा प्रश्न.

या प्रश्नाची सर्वांत प्रसिद्ध कसोटी अमेरिकन गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी 1980च्या दशकात आपल्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रांत मांडली. कंपनीने राखलेल्या प्रत्येक डॉलरमागे कालांतराने किमान एका डॉलरचे बाजारमूल्य निर्माण झाले पाहिजे, आणि हे पाच-पाच वर्षांचे टप्पे घेऊन पाहावे, असे त्यांचे म्हणणे. कसोटी सुटसुटीत आहे आणि बऱ्याच धंद्यांना ती चालते. वीजक्षेत्राला मात्र ती दोन ठिकाणी अपुरी पडते, असे माझे मत आहे. एक म्हणजे पाच वर्षांचा टप्पा. औष्णिक वीजकेंद्राची निविदा निघण्यापासून त्याची वीज विकली जाईपर्यंतच चार-पाच वर्षे सहज जातात. त्यानंतर ते केंद्र पंचवीस वर्षे चालते. एवढ्या लांब चक्राचा पाच वर्षांचा तुकडा तेजीत कापला तर प्रत्येक व्यवस्थापन हुशार दिसते आणि मंदीत कापला तर प्रत्येक जण नालायक. दुसरी अडचण बाजारमूल्याची. शेअरचा भाव पुढच्या आशेवर चालतो. ज्या पैशाचा हिशेब आपण मागतो आहोत, तो मागच्या काळात खर्च झालेला असतो. म्हणून या क्षेत्रात कसोटी लावायची ती प्रत्यक्ष नफ्याला, आणि काळ घ्यायचा तो तेजी-मंदीचे पूर्ण आवर्तन सामावणारा. हा या प्रस्तावनेचा मुख्य मुद्दा. त्याचा पुरावा भेलच्याच ताळेबंदात आहे.

2007-08 साली भेलचा नफा सुमारे 2,860 कोटी रुपये होता आणि नक्त मूल्य, म्हणजे भागभांडवल अधिक राखीव निधी, सुमारे 10,800 कोटी. चार वर्षांनी, 2011-12 मध्ये, नफा सुमारे 7,040 कोटींवर गेला आणि नक्त मूल्य 25,400 कोटींच्या घरात पोचले. म्हणजे कंपनीने साधारण 14,600 कोटी रुपये राखले आणि वार्षिक नफ्यात 4,180 कोटींची भर पडली. वाढीव पैशावरचा वाढीव परतावा 29 टक्क्यांच्या आसपास. कोणताही विश्लेषक हे पाहून म्हणेल की या कंपनीने लाभांश कमीच द्यावा. इतका परतावा भागधारकाला बाहेर मिळणार कुठे? कंपनीनेही तसेच केले. 2011-12च्या नफ्यातून लाभांश म्हणून एक चतुर्थांशाहूनही कमी रक्कम वाटली गेली. बाकीचा पैसा विस्ताराच्या आणि खेळत्या भांडवलाच्या वाट्याला आला. वर्षाला 10,000 मेगावॅटची यंत्रे बनवण्याची 2007च्या अखेरची क्षमता 2010 पर्यंत 15,000 आणि मार्च 2012 पर्यंत 20,000 मेगावॅटवर नेण्यात आली. फेब्रुवारी 2013 मध्ये कंपनीला ‘महारत्न’ दर्जा मिळाला. मुंडीपारचा बेत याच उमेदीच्या काळातला आहे.

पुढचे आकडे वाचताना मन घट्ट करावे लागते. 2012-13 चा नफा 6,615 कोटी, त्याच्या पुढच्या वर्षी 3,461 कोटी, त्याच्याही पुढच्या वर्षी 1,419 कोटी. नफा असा कोसळत असताना नक्त मूल्य मात्र 2015 पर्यंत वाढतच गेले आणि 34,000 कोटींच्या आसपास पोचले, कारण या तीन वर्षांतही सुमारे 8,700 कोटी राखून ठेवले गेले. 2015-16 ला कंपनी तोट्यात गेली. मधली तीन वर्षे किरकोळ नफ्याची गेली. 2019-20 ला जवळपास दीड हजार कोटींचा आणि 2020-21 ला 2,700 कोटींचा तोटा झाला. 2023-24 मध्ये एकत्रित नफा होता 282 कोटी आणि नक्त मूल्य साधारण 24,400 कोटी, म्हणजे बारा वर्षांपूर्वी होते त्याहून थोडे कमीच. आता तोच हिशेब 2008 ते 2024 असा लावा. राखलेल्या पैशात साडेतेरा हजार कोटींची भर आणि वार्षिक नफ्यात अडीच हजार कोटींची घट. चार वर्षांच्या खिडकीतून दिसलेला 29 टक्क्यांचा परतावा सोळा वर्षांच्या खिडकीतून उणे दिसतो. कंपनी तीच, ताळेबंद तोच. बदलली ती फक्त मुदत.

यावर पहिला आक्षेप येतो तो दुर्दैवाचा. खाणींतून कोळसा पुरेसा निघेना. सप्टेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 204 कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले. खासगी वीजप्रकल्प कर्जात बुडाले. चिनी यंत्रे स्वस्तात आली. सौरऊर्जेचे दर कोसळले. शेवटी कोरोना आला. यातले भेलच्या हातात काय होते? प्रामाणिक उत्तर असे की फारसे नव्हते. 2019-20च्या तोट्यात करदराच्या बदलामुळे झालेल्या हिशेबी समायोजनाचाही वाटा होता. पण राखलेल्या नफ्याची कसोटी व्यवस्थापनाचा गुन्हा सिद्ध करण्यासाठी नसतेच. भागधारकाचा पैसा कोणत्या जोखमीत अडकला आणि त्या जोखमीची फेड झाली का, एवढेच ती विचारते. शिवाय यातल्या काही गोष्टी 2012 मध्ये दिसू लागल्या होत्या. कोळशाची टंचाई वर्तमानपत्रांतून रोज छापून येत होती, चिनी यंत्रांच्या ऑर्डरी त्याआधीपासून जात होत्या. मागणी शिखरावर असताना क्षमता दुप्पट करणे हा निर्णयच होता, आणि त्या निर्णयाला दुर्दैवाच्या खाती टाकून मोकळे होता येत नाही. अडलेल्या प्रकल्पांकडून वसूल न झालेली येणी हाही त्याच निर्णयाचा भाग. ताळेबंदात ती मालमत्ता म्हणून उभी राहतात. पैसा म्हणून हाती येत नाहीत, आणि कालांतराने त्यांच्यासाठी तरतूद करावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे आणि त्याला वजन आहे. सुरुवात कोणत्या वर्षी आणि शेवट कोणत्या वर्षी धरला, यावर सगळे अवलंबून असते. सोयीची वर्षे निवडली तर कोणतीही गोष्ट सिद्ध करता येते. मान्य. म्हणूनच दोन टोकांच्या वर्षांऐवजी पाच-पाच वर्षांच्या बेरजा ताडून पाहाव्यात. 2007-08 ते 2011-12 या पाच वर्षांचा सरासरी वार्षिक नफा 4,670 कोटींच्या आसपास येतो. 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांची एकूण बेरीज तोट्याची येते, तीही अडीच हजार कोटींहून अधिक. तोट्याची दोन वर्षे दया म्हणून वगळली तरी उरलेल्या तिन्हींची सरासरी पाचशे कोटींच्या आतच राहते. निष्कर्ष बदलत नाही.

तिसरा आक्षेप बाजाराचा, आणि आज तो सर्वांत जोरात ऐकू येतो. मार्च 2020 मध्ये वीस रुपयांच्या आसपास घुटमळणारा भेलचा शेअर जुलै 2024 मध्ये तीनशेच्या पुढे गेला. कंपनीचे बाजारमूल्य एक लाख कोटींवर पोचले. कोळशावरच्या नव्या वीजकेंद्रांची गरज पुन्हा वाटू लागली आणि 2024-25 मध्ये कंपनीने 92,000 कोटींहून अधिक किमतीच्या ऑर्डरी मिळवल्या. मग राखलेला पैसा अखेर फळला, असे म्हणायला काय हरकत? दोन हरकती आहेत. ऑर्डर म्हणजे नफा नव्हे. 2024-25चा नफा 534 कोटी होता, नक्त मूल्याच्या जेमतेम दोन टक्के. आणि प्रतीक्षेलाही किंमत असते. 2012 मध्ये भागधारकाला शंभर रुपये लाभांश मिळाला असता आणि त्याने तो आठ टक्क्यांनी बँकेत ठेवला असता, तर 2024 मध्ये त्याचे अडीचशे झाले असते. कंपनीला या अडीचशेशी स्पर्धा करायची आहे, शंभराशी नव्हे. उद्या भेलचा नफा खरोखर अनेक पटींनी वाढला तर हिशेब नव्याने मांडावा लागेल आणि तो आनंदाने मांडावा. पण बाजाराने आशेपोटी लावलेला भाव हा त्या हिशेबाचा पुरावा होऊ शकत नाही. 2018 मध्ये कंपनीने आपलेच शेअर 86 रुपयांनी परत विकत घेतले, त्यासाठी सोळाशे कोटींहून अधिक रक्कम खर्च केली. दीड वर्षाच्या आत भाव त्याच्या चौथाईवर आला. आशेवर विसंबणे कंपनीलाही महाग पडते ते असे.

चौथा आक्षेप तत्त्वाचा आहे. भेल ही सार्वजनिक कंपनी. देशाला टर्बाइन आणि बॉयलर बनवता यावेत म्हणून ती 1964 मध्ये स्थापन झाली. तिला केवळ परताव्याच्या तराजूत घालणे अन्याय नाही का? हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, आणि नेमक्या याच कारणासाठी हिशेब हवा असेही वाटते. राष्ट्रीय गरजेसाठी परतावा सोडायचा असेल तर तो किती सोडला हे आधी माहीत असले पाहिजे. नाही तर गरज हे सर्व चुकांचे पांघरूण बनते. सरकारचे वागणेही इथे दुहेरी आहे. 2016 मध्ये केंद्राने आपल्या कंपन्यांना नियम घालून दिला की नफ्याच्या 30 टक्के किंवा नक्त मूल्याच्या 5 टक्के, यांतली जी रक्कम मोठी असेल तेवढा किमान लाभांश द्यावा. म्हणजे बहुसंख्य भागभांडवल हाती असलेल्या मालकालाही राखलेल्या पैशाबद्दल शंका होती. ती दूर करण्याचा मार्ग म्हणून त्याने कामगिरी तपासण्याऐवजी टक्केवारी निवडली, इतकेच. शिवाय मुंडीपारच्या बेताची एक किंमत अशी आहे जी कोणत्याही ताळेबंदात येत नाही : ती जमीन देणाऱ्यांनी मोजली. कंपनीच्या पुस्तकात अर्धवट बेत थोड्या रकमेचा असतो, गावाच्या पुस्तकात तो पिढीचा असतो.

सगळ्या वीज कंपन्यांची कथा अशी नाही, आणि तुलना केल्याशिवाय कसोटीची धार कळत नाही. साकोलीहून महामार्गाने नागपूरकडे जाताना भंडाऱ्याच्या पुढे मौदा लागते. तिथले 2,320 मेगावॅटचे केंद्र एनटीपीसीचे. या कंपनीचा परतावा केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवतो : प्रकल्पखर्चाच्या तीस टक्के भाग भागभांडवल मानायचा आणि 2009 पासून त्यावर साधारण 15.5 टक्के परतावा दरात धरायचा. राखलेल्या नफ्याला असे हमीचे ठिकाण मिळणे ही मोठी सोय आहे. तरीही 2011-12 ते 2023-24 या काळात एनटीपीसीच्या स्वतंत्र हिशेबात नफा सुमारे 9,200 कोटींवरून 18,100 कोटींवर आणि नक्त मूल्य सुमारे 73,000 कोटींवरून दीड लाख कोटींच्या जवळ गेले. वाढीव परतावा 11-12 टक्के. हमी साडेपंधराची आणि हाती अकरा-बारा, हे असे का? बांधकाम चालू असलेल्या केंद्रातला पैसा वीज सुरू होईपर्यंत काही कमवत नाही, आणि उपकंपन्यांत घातलेला पैसा सावकाश फळतो. त्याच कंपनीने 2015 मध्ये राखीव निधीतून प्रत्येक शेअरमागे साडेबारा रुपयांचा रोखा भागधारकांना फुकट दिला, एकूण दहा हजार कोटींहून अधिक. जिथे आपल्याला पैसा लागत नाही तिथे तो मालकाला परत करणे, हीही राखलेल्या नफ्याची चांगली कामगिरीच मानली पाहिजे.

नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स जिची उपकंपनी आहे, ती कोल इंडिया या बाबतीत दुसऱ्या टोकाला उभी राहिली. 2010 मध्ये 245 रुपयांनी विकला गेलेला तिचा शेअर 2020 मध्ये जवळपास निम्म्यावर आला होता. भावाची कसोटी तिला नापास करते. पण त्या दशकात तिने शेअरमागे दीडशे रुपयांहून अधिक लाभांश दिला, त्यातले 29 रुपये जानेवारी 2014 मध्ये एकाच वेळी. पैसा राखलाच नाही, तर राखलेल्या पैशाचा जाब कसला विचारायचा? उलट साकोलीच्या उत्तरेला तिरोड्याला 3,300 मेगावॅटचे केंद्र असलेल्या अदानी पॉवरने 2009 मध्ये शेअर बाजारात आल्यापासून लाभांश दिला नाही. दीर्घ काळ तिच्याकडे राखण्याजोगा नफाच नव्हता, आणि 2023-24चा वीस हजार कोटींवरचा नफा दिसला तेव्हा त्यात मागील वर्षांच्या वसूल झालेल्या थकबाकीचा मोठा वाटा होता. कोळशाच्या वाढीव खर्चाचे वाद आयोग, अपिलीय न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय असा प्रवास करून सुटतात, आणि एका वर्षाचे उत्पन्न दुसऱ्याच वर्षाच्या खात्यात उमटते. लांब मुदतीचा आग्रह धरायला याहून वेगळे कारण नको.

एक मर्यादा इथेच नोंदवतो. राखलेला सगळा नफा विस्तारासाठी नसतो. जुन्या दराने धरलेला घसारा नव्या यंत्राच्या किमतीला पुरत नाही, म्हणून आहे ती क्षमता टिकवण्यासाठीच काही नफा खर्ची पडतो. तेवढा भाग वाढीव परताव्याच्या अपेक्षेतून वजा केला पाहिजे. मात्र ज्या धंद्यात बहुतेक नफा असाच टिकून राहण्यात जातो, त्या धंद्याचा जाहीर नफा मुळातच फुगलेला असतो, हेही त्याच दमात लक्षात ठेवावे. तसेच बोनस शेअरने फसू नये. भेलने 2017 मध्ये दोन शेअरमागे एक बोनस दिला. त्याने राखीव निधीतली रक्कम भागभांडवलाच्या रकान्यात गेली, कोणाच्याही संपत्तीत रुपयाची भर पडली नाही.

वाचकाला विनंती एवढीच. विजेशी संबंधित कोणत्याही कंपनीचा शेअर घेण्यापूर्वी तिचे किमान पंधरा वर्षांचे वार्षिक अहवाल पुढ्यात घ्या. ते कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पहिल्या आणि शेवटच्या पाच वर्षांचा सरासरी नफा काढा, मधल्या काळात लाभांश वजा जाता किती पैसा राखला ते मांडा, आणि दोन सरासरींतल्या फरकाला त्या रकमेने भागा. उत्तर बँकेच्या व्याजाहून कमी आले तर ती कंपनी देशाला आवश्यक असेल, गौरवशालीही असेल, पण तिने तुमचा रुपया राखण्याचा अधिकार अजून मिळवलेला नाही.